ज्वारी अर्ध्यात हाय

माझा भाचा पालमला घरच्या ओसरीवर बसून पुण्याच्या ऑफिसात शिरतो. वीपीएन म्हणतात त्याला. एक बटण दाबायचं, पासवर्ड टाकायचा, की पोरगा पालमात असून ऑफिसात! परवा थोडा वेळ जास्त लागला तर "काय फालतू नेट आहे" म्हणून लॅपटॉप आपटला त्यानं. मी म्हटलं, अरे, आम्ही येलदरीहून परभणीत शिरायचो तेव्हा... तर तो उठूनच गेला. माझं हे सुरू झालं की चहा थंड होतो, हे त्याला माहीत आहे.

पण करणार काय? एकाच विभागात माणूस आयुष्य काढतो तेव्हा पगार महिन्याला मिळतो आणि किस्से रोज मिळतात. पगार कधीच संपले, किस्से तेवढे राहिले. भाचा ऐकत नाही, तर तुम्ही ऐका.

आमचा विभाग परभणीच्या कृषी विद्यापीठात, शेतीच्या आकडेमोडीचा. ज्वारी किती आली, कापूस किती आला, कोणता वाण बरा, हे सगळं आमच्याकडं ठरायचं. मी तिथं प्रोग्रामर. नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट आहे. एसीच्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेले दोन-चार पडदे आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. कोणी चपला घालून आत आलं की मी असं काही ओरडायचे की तिशी गाठायच्या आतच सगळा विभाग मला 'काकू' म्हणायला लागला. ताई म्हणणारी एकच होती, शोभा वाघमारे.

शोभा राणीसावरगावची. नेमणूक येलदरीजवळच्या संशोधन केंद्रावर. तिथं ती ज्वारीचे वाण लावायची, एकेका ताटाची, म्हणजे उभ्या धांड्याची, उंची मोजायची, आणि आमच्या देशमुख सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. सर आमचे विभागप्रमुख. तर शोभाचे आकडे फक्त आमच्याच कॉम्प्युटरला पचायचे. ती जेवणाच्या डब्यात फ्लॉपी घालून एसटीनं यायची, आणि जिंतूर रोडची धूळ डब्यातसुद्धा शिरायची. फ्लॉपी उघडायचीच नाही. आली तशी परत. इकडं तिच्या नोंदणीची मुदत संपत आलेली, आणि आता वाढवून मिळणार नाही असं वरून स्पष्ट आलेलं. मुदत गेली की नाव कटणार, सगळी वर्षं मातीत.

"ताई, आमच्या घरात डॉक्टर मनून कुणीच न्हाई," ती एकदा म्हणाली. "ना सुईवाला, ना बिनसुईचा. नाव कटलं तर आबा काय म्हनतील माहिताय? बरं झालं, आता तरी घरी जेवायला येत जा."

ती हसत होती, पण मला काही हसू आलं नाही. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. "पोरीला कॉम्प्युटरकडं कशाला आणायलोय आपण? कॉम्प्युटरच पाठवू तिच्याकडं," म्हणाले. खटपट करून त्यांनी दोन मोडेम आणले. एक आमच्या खोलीत, एक येलदरीला, आणि मधे टेलिफोनची तार. झालं आमचं नेटवर्क.

* * *

तार मधे होती खरी, पण त्या तारेच्याही मधे बशीरभाई होते.

येलदरीला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल, आणि तो जिंतूरच्या एक्स्चेंजमधून बशीरभाई जोडून देणार. पहिल्या दिवशी सगळा विभाग जमला. कॉल लागला. मोडेम किर्रर्र करून ओरडला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि लाईन कट. पुन्हा बुक केला. पुन्हा किर्रर्र, पुन्हा कट. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं.

"बशीरभाई, ही लाईन सारखी तुटतेय कशी?"

"तुटंना मॅडम, म्याच तोडायलोय," बशीरभाई शांतपणे म्हणाले. "लय खराब आवाज यायलाय. तुमाला तरास नको मनून."

त्यांना समजावून सांगितलं की बशीरभाई, तो खराब आवाज म्हणजे आमच्या शोभाची ज्वारी आहे. तो आला की समजायचं काम चाललंय. त्यांना पटलं. पण मग आडवी आली तीन मिनिटं. तेव्हा दर तीन मिनिटांनी ऑपरेटरनं लाईनवर येऊन "वाढवायचं का?" असं विचारायचा नियम होता. बशीरभाई नियमाचे पक्के. ते मधे बोलले की मोडेम घाबरायचा आणि ज्वारी तिथंच संपायची.

मी चिडले, सर चिडले, शोभा तर रडकुंडीला आली. बशीरभाई म्हणाले, "मॅडम, इचारलं तर तुमची लाईन जाती, न्हाई इचारलं तर माझी नौकरी. एक दिवस द्या, बगतो."

दुसऱ्या दिवशी कॉल लागला. मोडेम सुरू करायच्या आधी बशीरभाईंचा आवाज आला. "वाढवायचं का? वाढवायचं का? वाढवायचं का? वाढवायचं का?"

मी चक्रावून "हो, हो, हो, हो" म्हटलं.

"हौ. इचारून झालं. आता चालू द्या तुमची ज्वारी."

त्या दिवशी पहिल्यांदा शोभाचं सगळं शेत तारेवरून आमच्या खोलीत आलं. सरांनी पेढे मागवले, आणि एक पुडा जिंतूरच्या बसमधे ड्रायव्हरच्या हाती दिला.

* * *

सरांनी कुठंतरी वाचलं की पासवर्ड अधूनमधून बदलत जावा. लागले बदलायला. पण बदललेला पासवर्ड शोभाला कळवायचा कसा? फोनवरून, आणि तोही ओरडून, कारण लाईन खराब. सर एकेक अक्षर असं सांगायचे की व्हरांड्यातले शिपाई, समोरच्या विभागातले प्राध्यापक आणि झाडाखाली डबा खाणारी पोरं, सगळ्यांना पाठ व्हायचं. शेवटी आवाज खाली आणून सर म्हणायचे, "शोभा, हे कोणाला सांगायचं नाही हं."

एकदा नवा पासवर्ड शोभाला काही केल्या ऐकू जाईना. सरांचा घसा बसला. शेवटी बशीरभाईच मधे आले. "थांबा साहेब, मी सांगतो तिकडं." आणि त्यांनी तो अख्खा पासवर्ड खणखणीत आवाजात शोभाला सांगितला. एक अक्षर चुकलं नाही. मग आमच्या लाईनवर येऊन म्हणाले, "पर साहेब, मागचाच ठिवा की. ह्यो लय लांब हाय. आमच्या दुसऱ्या शिफ्टच्या ध्यानात राहात न्हाई."

सरांनी मागचाच ठेवला.

* * *

विभागात एका लाईनीवर तीन फोन होते. एक सरांच्या खोलीत, एक कॉम्प्युटरपाशी आणि एक ऑफिसात. कोणीही कुठलाही रिसीव्हर उचलला की ज्वारी गेली. आणि तो आवाज कसा असतो हे ऐकायची प्रत्येकाला हौस. पाट्या लावल्या, लाल फडकी बांधली, काही उपयोग झाला नाही. शेवटी सरांनी आमच्या शिपायाला, गंगाधरला, ऑफिसातल्या फोनपाशी बसवलं. "काम चालू असलं की रिसीव्हरवर हात ठेवून बसायचं. देव आला तरी उचलू द्यायचा नाही."

देव काही आला नाही, कुलगुरू आले. चालता चालता सहज डोकावले आणि घरी एक फोन करायचा म्हणून ऑफिसात शिरले. गंगाधर उठून उभा राहिला, नमस्कार केला, पण एकाच हातानं. दुसरा हात रिसीव्हरवर.

"फोन करायचाय," कुलगुरू म्हणाले.

"आता न्हाई जमणार साहेब. येलदरी चालू हाय."

"अरे, मी कोण आहे माहीत आहे का?"

"हौ साहेब, वळखलं की. पर ज्वारी अर्ध्यात हाय."

आम्ही आतून धावत येईपर्यंत कुलगुरू खुर्ची ओढून गंगाधरसमोर बसले होते. ज्वारी पूर्ण येईपर्यंत ते बसून राहिले, मग घरी फोन केला आणि गेले. आता गंगाधरची बदली होणार म्हणून आम्ही हळहळलो. झालं उलटंच. पुढच्या बैठकीत मोडेमच्या खर्चावर कोणीतरी बोट ठेवलं तेव्हा कुलगुरू म्हणाले म्हणे, "ते राहू द्या. तिथं काम चालू असतं, मी बघितलंय."

* * *

विजेचा किस्सा छोटा आहे. येलदरीला धरण, धरणाला वीजघर, आणि वीजघर दिसतंय अशा अंतरावर आमचं केंद्र. तिथली लाईट हमखास जायची. एकदा सरांनी शोभाला विचारलं, "काम का थांबलंय?"

"सर, वीज तयार व्हायलेली दिसायलीय," शोभा म्हणाली. "आमच्यापर्यंत काही येईना."

* * *

एका उन्हाळ्याच्या तोंडाला लाईन रोज दुपारी जायला लागली. ज्वारीची काढणी नुकतीच झालेली. लाईनमननं शोध लावला. जिंतूर रोडच्या एका वळणावर कडब्याच्या गाड्या जायच्या, त्या इतक्या उंच भरलेल्या की वरची टेलिफोनची तारच ओढून न्यायच्या.

सर म्हणाले चला, गाडीवाल्यांना भेटून येऊ. मी, सर आणि तिकडून शोभा, असे तिघं त्या वळणावर जमलो. गाडी आली. शोभानं कडब्याचं एक ताट उपसलं, उभं धरलं, आणि तिचा चेहराच बदलला. तिच्याच वाणाचं ताट होतं ते! आदल्या वर्षी केंद्रानं आसपासच्या शेतकऱ्यांना थोडं थोडं बी दिलं होतं, त्याची ही ज्वारी. शोभा जी उंची मोजून रोज तारेवरून आमच्याकडं पाठवत होती, ती उंची तारेलाच जाऊन लागली होती.

सरांनी खरं तर चिडायला पाहिजे होतं. ते तिथं रस्त्यावर हसत सुटले. मग जरा भानावर येऊन गाडीवाल्याला म्हणाले, "बाबा, जरा कमी भरत जा की."

गाडीवाल्यानं बैलांना थोपवलं आणि वर तारेकडं बघितलं. "कमी कामून भरू? एवढा कडबा पयल्यांदाच झालाय. तार वर घ्या की तुमची."

त्याचं काय चुकलं? सरांनी अर्ज-विनंत्या करून त्या वळणावरचे खांब बदलून घेतले. तार वर गेली. शोभाच्या ज्वारीनं सरकारी तार वर ढकलली, असं मी पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

* * *

आता दातार साहेब. हे बाहेरच्या विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. आमची ही लाईन खरोखर चालते का, हे बघायला विद्यापीठाच्या समितीनं त्यांना पाठवलं होतं. माणूस हुशार, पण संशयी. बूट काढून आत या म्हटलं तर बुटांकडं तीनदा वळून बघितलं.

मी येलदरी लावून दिलं. त्यात लिहून बोलायची सोय होती. इकडून एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की ती ओळ तिकडं उमटायची. तिकडून तसंच. मराठीच लिहायचो, पण इंग्रजी अक्षरांत. मी लिहिलं, साहेब आलेत. शोभाची ओळ आली, नमस्कार सर.

दातार साहेब पडद्याकडं बघून म्हणाले, "हे येलदरीहून आलं कशावरून? शेजारच्या खोलीतून कोणी लिहीत नसेल कशावरून?" आणि मी अडवायच्या आत त्यांनी जाऊन ऑफिसचं दार उघडलं. आत गंगाधर, फोनवर हात ठेवून, ताठ बसलेला.

"हं," साहेब म्हणाले.

पुढचा अर्धा तास गंगाधर तिथं कशासाठी बसतो हे सांगण्यात गेला. मग साहेबांनी परीक्षा म्हणून विचारायला लावलं की तिकडं आत्ता हवा कशी आहे. शोभाची ओळ आली, ऊन आहे सर, पाऊस नाही.

"हे तर इथूनही सांगता येतं," साहेब म्हणाले. "यंत्र चालतं, मान्य. पण पलीकडं कोण बसलंय ते कळायला तुमच्याकडं काय मार्ग आहे?"

 माझ्याकडं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. साहेब बूट घालून गेले आणि अहवालात 'शंका' हा शब्द लिहून गेले.

* * *

आणि हेच दातार साहेब शोभाच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून आले.

प्रबंध वेळेत झाला होता. त्या तारेनंच झाला होता. राहिली होती फक्त तोंडी. ती झाली, साहेबांनी सही केली, की शोभा डॉक्टर. तारीख ठरली ती मुदतीच्या अगदी टोकावर. आणि नेमका त्याच दिवशी बंद.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. कधी मागणीसाठी बंद, कधी विरोधासाठी बंद, एसटी मात्र दोन्ही वेळा बंद. रस्त्यात गाड्या अडवायचे, खाली उतरवून नाव-गाव विचारायचे. आदल्या दिवशी सरांनी शोभाला फोन लावला. मी शेजारीच होते. सर आमचे मोठ्या आवाजाचे, पण त्या दिवशी हळू बोलले.

"शोभा, तू निघायचं नाहीस. वाटेत आडनाव विचारायलेत. तुझं ऐकल्यावर कोण काय करील, ते मला सांगता येत नाही. आणि विचारणारे आमच्याचपैकी असतील, त्याची मला लाज वाटते."

पलीकडून ती म्हणाली, "सर, पर उद्या न्हाई झालं तर संपलंच की."

"उद्याच होईल. तारेवरून घेऊ."

दातार साहेब रेल्वेनं रात्रीच येऊन पोचले होते. सकाळी सरांनी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते उठूनच उभे राहिले. "तारेवरून तोंडी परीक्षा? देशमुख, समोर कोण आहे ते मला दिसायला नको? उत्तरं कोणीही लिहील."

"तुम्ही विचारून तर बघा," सर म्हणाले. "त्या ज्वारीबद्दल तिच्याइतकं जाणणारं तिकडं दुसरं कोणी निघालं, तर पदवी त्याला देऊ."

साहेब बसले. पण समाधान झालं नाही तर सही करणार नाही, असं आधीच बजावलं. मी येलदरी लावून दिलं. बशीरभाईंनी त्या दिवशी कितीदा वाढवायचं ते मोजलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाले, "मॅडम, पोरीला सांगा, एक्स्चेंज तिच्या बाजूनं हाय."

सुरुवातीला साहेब बोलायचे आणि मी लिहायचे. शोभाच्या ओळी येत होत्या, सरळ, नेमक्या, कुठं फापटपसारा नाही. साहेब पुढं सरकत गेले. मग म्हणाले, "सरा जरा," आणि स्वतःच एका बोटानं लिहायला लागले. त्यांनी अडवायचं, तिनं सोडवायचं. त्यांनी आकडा मागायचा, तिनं आकड्याबरोबर तो कोणत्या वाफ्यातला तेही सांगायचं. सर मागं उभे होते, श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग साहेबांनी शेवटचा प्रश्न लिहिला. तुमचा वाण उंच आहे, जोराच्या वाऱ्यात आडवा होतो, मग शेतकऱ्यानं तो का लावावा?

आम्ही थांबलो. पडदा तसाच. थोड्या वेळानं मोडेमचा दिवा विझला.

मी एक्स्चेंजला धरलं. बशीरभाईंचा आवाज पार पडला होता. "मॅडम, जिंतूरच्या पुढं तार गेली. तुटली का कुणी तोडली, कळंना. आज कुणी दुरुस्तीला बी निघत न्हाई."

दातार साहेब खुर्चीत मागं टेकले. "पोरगी हुशार आहे. पण शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि उत्तरं देत होतं कोण तेही मी बघितलेलं नाही. माझी गाडी संध्याकाळी आहे. मी सही कशी करू?"

माझा स्वभाव तुम्हाला आता कळलाच असेल. मी म्हटलं, "साहेब, ती आली असती तर वाटेत तिला नाव विचारलं असतं. इथं तुम्ही विचारताय."

सर म्हणाले, "काकू, पुरे."  कोणी जेवलं नाही. सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. मी त्या रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले, आणि खरं सांगते, इतकं हरल्यासारखं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटकापाशी दुधाची गाडी थांबली. बंदमधे दुधाची गाडी कोणी अडवत नाही म्हणतात. पुढच्या सीटवरून शोभा उतरली. केसांत धूळ, साडीवर दुधाचे डाग, पायात एकच चप्पल. मी धावत गेले.

"अगं बाई, वाटेत कोणी...?"

"अडवलं की ताई. नाव बी इचारलं."

"मग?"

"सांगितलं. पुरं सांगितलं. मग ड्रायव्हरमामांनी हॉर्नवर हात ठिवला तो काढलाच न्हाई, दूध नासायलंय मनून वरडले. सोडलं."

ती तशीच एसीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. दातार साहेब बॅग भरत होते.

"आपण?"

"शोभा वाघमारे, सर. येलदरी."

साहेब बघतच राहिले. "एवढ्या बंदमधे? कशासाठी आलात?"

"तुमचं उत्तर लिहून झालं होतं, सर," शोभा म्हणाली. "एंटर दाबायच्या आत लाईन गेली."

साहेबांनी बॅग खाली ठेवली. खिशातलं पेन काढलं, सही केली, पेनाला टोपण लावलं. मग उठून आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"बसा, डॉक्टर वाघमारे," ते म्हणाले. "दाबा एंटर."